तीस दिवसांआधीचं सगळं आपोआप

२ मे २००६, मंगळवार

आज फ्राऊ लिंडनर यांनी खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. माझी प्रोबेत्साइट जूनअखेर संपते. सहा महिने पारखून मग ठेवायचं की नाही ते ठरवतात. त्यामुळे बॉसने दार लावलं की निकालच लागला असं वाटतं. पण विषय किरकोळ निघाला.

आमची कंपनी इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये बसून गिऱ्हाइकांच्या कोल्ड स्टोरेजवर नजर ठेवते. दूधवाले, मासेवाले, आइस्क्रीमवाले. दर मिनिटाला प्रत्येक खोलीचं तापमान येतं आणि डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. तापमान चढलं की मालकाच्या मोबाइलवर अलार्म. (हे मी स्वतःलाच का सांगतोय? सासऱ्यांना फोनवर समजवायचा सराव.) आता डिस्क भरत आलीय. म्हणून जुन्या नोंदी आपोआप निघून जातील अशी सोय करायची. मिनिटामिनिटाच्या नोंदी तीस दिवस ठेवायच्या, मग काढायच्या. तासातासाची सरासरी मात्र वर्षभर ठेवायची, कारण फ्रोझन मालाचा तसा कायदा आहे आणि तपासनीस येऊन मागतात.

बाई म्हणाल्या, वेळेत जमणार नसेल तर सांगा, मी नवी डिस्क मागवलीय, ती येऊ देते. मी हसलो. एका ओळीचं काम. त्यासाठी डिस्क!

संकल्प: उद्याच उरकणे.

३ मे

उद्या.

८ मे, सोमवार

मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं, जुन्या नोंदींचं काय झालं? मी म्हणालो, एरलेडिग्ट. म्हणजे झालं, संपलं.

काटेकोरपणे पाहिलं तर अजून लिहायला घेतलेलं नाही. पण डोक्यात संपूर्ण तयार आहे, आणि डोक्यात तयार झाल्यावर टाइप करणं ही निव्वळ हमाली. पुण्यात हिंजवडीला असताना आम्ही ‘झालं सर’ म्हणायचो आणि मग कामाला बसायचो. सरही आमचं ‘झालं’ ऐकून क्लायंटला चार दिवस वाढवून सांगायचे. क्लायंट आणखी चार धरायचा. कोणाचं काही बिघडायचं नाही.

बाईंनी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, जेअर गूट. फार छान! ही बाई साधं छानसुद्धा म्हणत नाही. याचा अर्थ उघड आहे. मला ठेवून घ्यायचं त्यांचं ठरलेलं आहे, फक्त बोलायचं बाकी आहे.

९ मे

अरुणा नागपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पर्मनंट जागा. जूनपर्यंतची बिनपगारी रजा काढून माझ्याबरोबर आलीय. आज तिच्या प्राचार्यांची मेल आली की २६ जूनला कॉलेज उघडतंय, तुम्ही रुजू होताय की आम्ही जागा भरू?

तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, तुमचं पक्कं कधी होणार?

मी म्हणालो, झालं.

तिने पोळी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. लेखी मिळालं का, म्हणाली. मी म्हणालो, लेखी जूनअखेर, ती फॉर्मॅलिटी. तू बिनधास्त नोकरी सोड आणि कळवून टाक. ती बरं म्हणाली. उत्कर्षाला मराठी सगळं कळतं, पण आठ वर्षांची ही पोरगी उत्तर जर्मनमध्येच देते. ती आईला म्हणाली, श्टिम्ट दास? हे खरं आहे का? इथल्या शाळेने मुलीला फार संशयी करून ठेवलंय.

रात्री सासऱ्यांना फोन केला. म्हणालो, बाबा, जावई पर्मनंट झाला. ते गहिवरले. एवढा आनंद एका माणसाला देता येत असेल तर दीड महिना आधी द्यायला काय हरकत आहे?

१९ मे

प्रोग्रॅमला सुरुवात. आधी नाव ठरवलं: ‘झाडू’. मग वाटलं, जर्मन लोकांना म्हणता येणार नाही. ‘निर्मळ’ केलं. मग एक स्क्रीन केली, हिरव्या बटणाची, बाजूला गोल फिरणारं चाक. तीन वेगवेगळे हिरवे करून पाहिले. मूळ ओळ लिहायची राहिली आहे, पण ती एकच तर आहे.

डिस्क ७९ टक्के.

२४ मे

आज काही केलं नाही. हवा फार छान होती.

२९ मे, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

डिस्क ८७. मनातल्या मनात मी नवी डिस्क धरून चाललो होतो. अगदी वेळ आलीच तर ती आहे, असं. आज बाईंना सहज विचारलं, ती नवी डिस्क कधी येतेय? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, ती तर मी ८ मेलाच रद्द केली. तुम्ही एरलेडिग्ट म्हणालात ना?

ऐकलेलं तसंच्या तसं खरं धरणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. मग म्हणालो, आल्झो, म्हणजे, जस्ट क्युरिऑसिटी. आता मागवली तर तीन आठवडे लागतील. आणि मागवायची म्हणजे का मागवायची ते सांगावं लागणार.

घरी येऊन अरुणाला विचारलं, कॉलेजला कळवलंस ना? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, त्याची काळजी तुम्ही करू नका. चला, एक बाजू तरी मार्गी लागली.

मार्गी कसली! परतीचं दार मीच बंद करून घेतलंय. जेवण गेलं नाही.

संकल्प: स्क्रीन, चाक, हिरवा रंग सगळं बाजूला. फक्त ओळ.

२ जून

ओळ झाली. खरोखरची झाली. तीन वेळा तपासली. सोमवारी सुट्टी आहे, त्या रात्री ती पहिल्यांदा आपोआप चालेल. मंगळवारी सकाळी डिस्क साठ टक्क्यांवर आलेली असेल. साठ म्हणजे मी फार सावध आकडा धरतोय.

६ जून, मंगळवार

सकाळी आठला ऑफिसात पहिला मीच. डिस्क ९१.

काल रात्री प्रोग्रॅम चालण्याआधीही ९१ होती.

लॉग पाहिला. प्रोग्रॅम म्हणतो, काही कोटी नोंदी काढल्या. काढल्या तर गेल्या कुठे? माझ्याशी खोटं बोलतो? मीच लिहिलेला प्रोग्रॅम!

दुपारी अख्खं ऑफिस बेर्गवर गेलं. इथली ही जत्राच, टेकडीवर झाडांखाली बाकं आणि लिटरलिटरचे बिअरचे मग. शेजारच्या टेबलाचा उवे माझ्या समोर बसला होता. हा सर्व्हर सांभाळतो, डेटाबेसमधलं त्याला बरंच कळतं, पण बोलायला लागला की संपवत नाही. त्याने विचारलं, तुझं ते सुरू झालं का? आणि सुरू झालं असेल तर डिस्कचा आकडा बघू नकोस, कारण हा डेटाबेस जागा... इथे मी म्हणालो, गेनाऊ, गेनाऊ. बरोबर, बरोबर. प्रोबेत्साइटच्या शेवटच्या महिन्यात ‘मला माहीत नाही, सांग’ असं सगळ्यांसमोर कोण म्हणेल? त्याने आणखी एकदा सुरू केलं. मी पुन्हा गेनाऊ म्हणालो. मग तो फुटबॉलवर गेला.

निष्कर्ष: तीस दिवस फार होतात. पंधरा करतो.

७ जून

९२.

१२ जून, सोमवार

पंधराचे सात केले. ९४.

हे कसं शक्य आहे? जितकं काढतो तितकं भरतं. डिस्क शंभरला गेली तर डेटाबेस बंद पडणार. डेटाबेस बंद म्हणजे अलार्म बंद. अलार्म बंद म्हणजे कुणाचातरी माल नासणार. आणि त्यानंतर अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला लिंडनरबाईंबरोबर माझं शेवटचं गेश्प्रेख, म्हणजे बोलणं, मला ठेवणार की नाही ते. आजच मेल आली. खाली लिहिलंय, कृपया एक तास राखून ठेवा. ‘ठेवतोय’ सांगायला तास कशाला लागतो?

किंवा लागत असेल. कौतुक करायचं म्हटलं तर तास कमीच.

१४ जून

सासऱ्यांचा फोन. जावईबापू, कॉलनीत सगळ्यांना बर्फी दिली. विहारात पण सांगितलं, आमचा जावई जर्मनीत कायमचा झाला म्हणून. दोन पोरं पाठवू का तुमच्याकडे, मार्गदर्शनाला?

म्हणालो, पाठवा.

१६ जून

रात्री तीन-तीनदा जाग येते. डोळे मिटले की टक्के दिसतात. अरुणाने विचारलं, ऑफिसात काही झालंय का? मी म्हणालो, उलट सगळं उत्तम. तिने उशाशी दिवा लावला. मग म्हणाली, झालं असेल तर सांगा हो, मी काही खाणार नाही तुम्हाला. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, म्हणून मला रडू येईल असं वाटलं. मी वर्ल्ड कपचा विषय काढला.

उत्कर्षाने सायकलला जर्मनीचा झेंडा लावलाय. पुढच्या वर्षी तिला बासरीचा क्लास लावायचा, असं दोघींचं चाललंय.

भीती वाटते. खरंच वाटते.

संकल्प: मंगळवारी सोक्षमोक्ष.

२० जून, मंगळवार, दुपारी ३.५०

आज जर्मनी विरुद्ध इक्वेडोर. चारला मॅच. सगळे कँटीनमध्ये मोठ्या पडद्यासमोर. मजल्यावर मी एकटा. उवे बोलवायला आला होता, त्याला म्हणालो, डोकं दुखतंय.

डिस्क ९७. आता नाजूकपणा पुरे. फक्त कालपासूनच्या नोंदी ठेवायच्या, बाकी सगळं एका फटक्यात. मिनिटांचंही आणि तासांचंही. तासांची सरासरी म्हणजे तेच तापमान पुन्हा लिहिलेलं. कायदा वगैरे ठीक आहे, पण तपासनीस काय उद्याच येतोय? डिस्क खाली आली की ते बघता येईल.

बटण दाबलं. (हिरव्या बटणाचा शेवटी उपयोग झाला.)

सायंकाळी ५.५५

कँटीनमधून तीनदा आरडाओरडा ऐकू आला. जर्मनीचे तीन गोल. आणि इथे? अलार्मच्या स्क्रीनवर गेले पावणेदोन तास एकही लाल दिवा नाही! मी आल्यापासून असं एकदाही घडलं नव्हतं. एरवी उन्हाळ्यात दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी दार उघडं, कुणाचा तरी कॉम्प्रेसर बंद. आज सगळीकडे शांतता. डेटाबेसला हलकं वाटतंय, हे स्पष्ट दिसतंय. प्रोग्रॅम अजून ‘चालू आहे’ म्हणतोय, तो रात्रभरात उरकेल.

स्क्रीनचा प्रिंट काढून ठेवला. अठ्ठावीसला दाखवायला बरा.

घरी जाताना रस्ताभर हॉर्न. मीही सायकलची घंटी वाजवली.

२१ जून

शांतता होती, कारण सगळं मेलं होतं.

काल चारनंतर पाचच मिनिटांत डिस्क शंभर झाली आणि डेटाबेस थांबला. एक आकडा आत आला नाही, एक अलार्म बाहेर गेला नाही. फोर्खहाइमजवळच्या एका आइस्क्रीमवाल्याचा कॉम्प्रेसर साडेचारला बंद पडला. तोही मॅच बघत होता, मोबाइल समोर ठेवून, निश्चिंत. आज सकाळी त्याने गोदामाचं दार उघडलं तेव्हा स्ट्रॉबेरी बाहेर चालत आली म्हणे. तो लिंडनरबाईंशी फोनवर बोलत होता ते मला दोन टेबलं सोडून ऐकू येत होतं.

उवेने दुपारपर्यंत सगळं उभं केलं. बॅकअपच्या टेपवरून वर्षभराच्या तासांच्या नोंदी परत आणल्या, कालची संध्याकाळ सोडून. मग माझ्या टेबलावर येऊन बसला आणि यावेळी मी गेनाऊ म्हणालो नाही. तो म्हणाला, डेटाबेस म्हणजे कपाट, रिकामं केलं म्हणून कपाट लहान होतं का? खोलीतली जागा ते तेवढीच अडवतं. पण नवे कपडे त्यात मावतात, दुसरं कपाट आणावं लागत नाही. तुझी पहिल्या रात्रीची ओळ अगदी बरोबर होती. त्यानंतर डिस्क एक-दोन टक्के वाढून तिथेच थांबली असती. पण तू काढतच राहिलास. आणि एकदम खूप काढायला सांगितलं की काढून होईपर्यंत डेटाबेस त्या सगळ्याची प्रत जवळ ठेवतो, चूक झाली तर परत देता यावी म्हणून. त्या प्रतीने उरलेली जागा खाल्ली.

म्हणजे ६ जूनला मी काहीही केलं नसतं तरी चाललं असतं.

म्हणजे माझं मूळ काम बिनचूक होतं! हा मुद्दा कोणाच्याच लक्षात येत नाहीये. अठ्ठावीसला मांडायचा.

२३ जून

अरुणाला सांगायचं ठरवलं. ती उत्कर्षाला नऊचा पाढा म्हणायला लावत होती. नंतर सांगेन.

२६ जून, सोमवार

आज नागपूरला तिचं कॉलेज उघडलं असेल. तिच्या टेबलाशी दुसरं कुणीतरी बसलं असेल. ती सकाळपासून गुणगुणत भांडी आवरत होती, आणि ते मला ऐकवेना. बाहेर पडलो, बस चुकली, पुढच्या बसमध्ये बसून ठरवलं की आज रात्री सांगायचंच.

रात्री सांगितलं नाही. दोन दिवसांत तशीही चांगली बातमी येईल, मग मधेच कशाला घाबरवायचं?

२८ जून, बुधवार

निळा शर्ट, टाय. दहाला दोन मिनिटं कमी असताना दारात. मुद्दे पाठ होते: एक, मूळ ओळ बिनचूक. दोन, नोंदी परत आल्या. तीन, आइस्क्रीमचा विमा होता.

बाईंनी तिन्ही मुद्दे ऐकून घेतले. तिन्ही मान्य केले. उवेनेही हेच लिहून दिलंय म्हणाल्या. मी जरा सैल होऊन खुर्चीत मागे टेकलो.

मग त्यांनी विचारलं, ८ मेला तुम्ही एरलेडिग्ट म्हणालात, तेव्हा त्यातलं किती लिहून झालं होतं?

मी म्हणालो, संकल्पनेच्या पातळीवर संपूर्ण. त्या थांबल्या. मी म्हणालो, डोक्यात तयार होतं. त्या थांबूनच राहिल्या. ही बाई थांबते फार वाईट. शेवटी म्हणालो, काहीच नाही.

त्या म्हणाल्या, चूक कुणाचीही होते, त्यासाठी मी कुणाला काढत नाही. पण मी दिवसभर गिऱ्हाइकांना फोनवर सांगते की सगळं ठीक आहे. मी काही गोदामात जाऊन बघत नाही, तुम्ही लोक सांगता म्हणून सांगते. उद्या तुम्ही मला ठीक आहे म्हणालात, तर मी काय समजायचं?

मी पुन्हा मुद्दा एकपासून सुरुवात केली.

प्रोबेत्साइटमध्ये नोटीस दोन आठवड्यांची असते, तेवढे दिवस यायची गरज नाही म्हणाल्या. उरलेला अर्धा तास त्यांनी मला शिफारसपत्रात काय काय चांगलं लिहिता येईल ते विचारण्यात घालवला. त्यासाठी तो एक तास राखला होता.

कंपनीचंच नुकसान आहे. त्यांना माणसाची पारख

(हे वाक्य पुरं करत नाही.)

२९ जून

कालचा दिवस नदीकाठी बाकावर काढून रोजच्या वेळेला घरी गेलो होतो. आजही तसंच करणार होतो, पण सकाळी डबा हातात घेतला आणि पाय उचलेना. अरुणाला म्हणालो, मला काढलं. पर्मनंट कधी झालोच नव्हतो. तुझी नोकरी मी घालवली.

तिने डबा माझ्या हातातून काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, बसा. मी नाही सोडलेली नोकरी.

म्हणजे?

मेच्या दहा तारखेलाच प्राचार्यांशी बोलले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुदत घेतलीय. सतरा जुलैची तिकिटं पण आहेत, तुमचा कागद आला असता तर रद्द करणार होते.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धं मिनिट. मग भयंकर राग आला. ९ मेला मी झालं म्हणालो आणि १० मेला हिने मुदत मागितली! बारा वर्षांच्या संसारात नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही? ती ओट्यावरचा डबा उघडायला लागली. उत्कर्षा दूध पीत होती. तिने आईकडे पाहून नुसती मान हलवली, म्हणजे या बाबतीत दोघींची चर्चा झालेली दिसते.

तिकिटं पाहिली. तीन होती. मी म्हणालो, दोघींची ठीक आहे, माझं कशाला काढलंस? मी इथेच थांबून दुसरी नोकरी शोधली असती.

अरुणा म्हणाली, शोधली असती की नाही माहीत नाही. पण मिळाली, असं आठ दिवसांत फोन करून सांगितलं असतं तुम्ही. आणि मी तिकडे एकटीने ते खरं की खोटं ठरवत बसले असते. त्यापेक्षा डोळ्यासमोर या.

तिकिटं पुन्हा पाकिटात घालून ठेवली. दुपार अशीच गेली. आताच तिने स्वयंपाकघरातून विचारलं, मोठी बॅग खालून तळघरातून आणली का? मी म्हणालो, आणली.

उठतो आता.